रे रोडवरून निघालेली बोट

लालबाग
१७ नोव्हेंबर २०२५

अनुजा,

वर आशीर्वाद लिहायचा रिवाज आहे. तो मी विसरले नाही, मुद्दाम गाळला आहे. आधी माझ्या एका प्रश्नाचं उत्तर दे, मग आशीर्वादाचं बघू.

तुला बोटीचं कुणी सांगितलं?

शनिवारी पोस्टमन जाडजूड पाकीट देऊन गेला. वर तुझ्या लेकीचं, पूर्वीचं नाव, आत हाताने काढलेलं चित्रांचं पुस्तक. ‘माझी आई लिस्बनला जाते.’ पांढरी बोट, दगडी धक्का, चढावर धापा टाकणारी पिवळी ट्राम, गॅलऱ्यांतून वाळत घातलेले कपडे. पाठवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. पण तुझा ‘ळ’ मीच, तुझ्या ताईने, पाटीवर गिरवून घेतला होता. तो अजून तसाच पोट पुढे काढून उभा आहे.

पुस्तक झटकलं तर पानांतून लाकडाचा भुसा पडला. बोटीवर भुसा कुठून येतो गं?

मला माहीत आहे कुठून येतो. तू लिस्बनला नाहीस, बोटीवरही नाहीस. लालबागपासून चालत अर्ध्या तासावर, रे रोडला, कायतान नावाच्या माणसाच्या लाकडाच्या वखारीत तू नोकरी करतेस आणि तिथेच राहतेस. पत्ता मला बाहेरून कळला. तू कधी पत्रं पाठवली असशील तर ती मला मिळालेली नाहीत. चाळीत टपाल गहाळ होतं, तुला ठाऊकच आहे.

बोटीची गोष्ट माझी आहे. मी रचली. तीन वर्षांपूर्वी तू गणपतीच्या गर्दीत पूर्वीला हरवलंस, तीन तासांनी पोर पोलीस चौकीत सापडली, आणि त्याच संध्याकाळी मी तुला घराबाहेर काढलं. तू तेव्हा मंडळाचा पडदा रंगवत होतीस. ब्रश हातात आला की तुला पोटची पोरसुद्धा दिसत नाही. पण हे चार वर्षांच्या मुलीला कसं सांगायचं? आई कुठे, आई कुठे करून ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, आई मोठ्या बोटीवर कामाला लागली, जगभर फिरते. पोर जेवली. मग शाळेत तेच सांगितलं, चाळीत तेच सांगितलं. लोकांना बोट पटते. कुणी पुढचं विचारत नाही.

तर ही माझी बोट तुझ्यापर्यंत पोचली कशी? आणि नेमकी आत्ताच कशी? पूर्वीच्या शाळेत नूपुर टीचर म्हणून नवीन बाई आल्या आहेत. तिसरीच्या वर्गात दर शुक्रवारी एका मुलाने घरातल्या कुणाच्या तरी प्रवासाचं चित्रांचं पुस्तक आणायचं आणि वाचून दाखवायचं, अशी टूम त्यांनी काढली आहे. एका मुलाचे पणजोबा देवगडहून लाँचने आले, ते आलं. कुणाचा काका कतारला आहे, तो उंटासकट आला. पुढच्या आठवड्यात पूर्वीची पाळी, आणि या आठवड्यात तुझं पुस्तक हजर. मी तेवीस वर्षं हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली आहेत. कागद वेळेवर आला की आम्ही आधी विचारायचो, आणला कुणी?

तुझा डाव मला दिसतो आहे. आज पुस्तक, उद्या फोन, परवा शाळेच्या फाटकाशी फुगा घेऊन उभी राहशील. पूर्वीला न्यायचा विचारसुद्धा मनात आणू नकोस. तिचा बाप तिच्या बारशालाही आला नव्हता, आणि तू तर तिला गर्दीत सोडलीस. तिला माझ्याशिवाय आहे कोण? आणि मला तरी तिच्याशिवाय कोण आहे, असं तू म्हणशील. म्हण.

पुस्तक मी तिला दिलं आहे. वर्गासाठी. एवढाच अर्थ घे.

कमल


लालबाग
८ डिसेंबर २०२५

अनुजा,

उत्तर नाही. उत्तराऐवजी दुसरं पुस्तक. या वेळी इस्तंबूल.

पूर्वी ते उशीखाली घेऊन झोपते. वर्गात लिस्बन फार गाजलं म्हणे. ‘तुझी आई ट्रामला लटकते का’ इथपासून ‘बोटीवर संडास कुठे असतो’ इथपर्यंत मुलांनी विचारलं, आणि या पोरीने सगळ्याला न अडखळता उत्तरं दिली. इतकं सफाईदार खोटं बोलायला ती कुणाकडून शिकली, असं मला वाटून गेलं. मग मी तो विचार सोडून दिला.

मी तुझं इस्तंबूल ओळीने तपासलं. मशीद ठीक. मांजरं ठीक. पाचव्या पानावर मसाल्याचा बाजार आहे. लाल मिरच्या वाळत टाकल्यात, दोन बायका उभ्याने उखळात कांडताहेत, आणि तिसरी बाई तयार मसाला बिअरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरते आहे.

अनुजा, आपण लालबागच्या. मसाला आपल्या उंबऱ्याबाहेर कुटला जातो. आपण तो बरणीत भरतो, हिंगाचा खडा टाकून. बिअरच्या बाटलीत मसाला भरणारी माणसं मला एकाच घरातली माहीत आहेत, फिलोमिनाच्या. माझ्या शेजारच्या टेबलावरची फिलोमिना, परळची, इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांपैकी. दर मे महिन्यात ती मला एक बाटली आणून देते. तुला ती लहानपणापासून ओळखते. आणि तुझा तो कायतानही त्यांच्यातलाच. मला आणखी काय पुरावा हवा होता?

मी पुस्तक पिशवीत घातलं आणि थेट तिच्या दारात गेले. पान उघडून तिच्यापुढे धरलं आणि म्हटलं, “हे तू शिकवलंस तिला. बोटीचं पण तूच सांगितलंस. ती रे रोडला ज्याच्या वखारीत आहे, तो कायतान तुझा कोण?”

ती आधी हसायलाच लागली. म्हणाली, “अगो, बाटलीत तर आमचे सगळेच लोक भरतात. अख्ख्या जमातीला पकडून आणशील काय? आणि मुंबईत जेवढे कायतान, ते सगळे माझे चुलते लागले?”

मी हसले नाही. मग तीही थांबली.

“कमल, एक मिनिट. अनुजा रे रोडला आहे?”

मी पुस्तक मिटून पिशवीत घातलं.

“म्हणजे बोट नाहीच. मला पण तू बोटच सांगितलीस ना? तीन वर्षं मी रोज रात्री त्या बोटीसाठी प्रार्थना करते. समुद्र शांत ठेव, म्हणते. एका टेबलावर आपण डबा खाल्ला, आणि तू मला गंडवलंस, वर माझ्यावरच डाउट खातेस?”

तिने दार आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं, मला चार शब्द सुनावता आले असते.

आता खरं सांग, ती नाटक करत होती ना?

कमल


लालबाग
२९ डिसेंबर २०२५

अनुजा,

तिसरं पुस्तक मिळालं. घाना. तिथलं लाकूड इतकं जड असतं की पाण्यात तरंगत नाही, म्हणून त्याला दुसऱ्या हलक्या ओंडक्यांना बांधून नदीतून आणतात, हे तू लिहिलं आहेस. हे तुला वखारीत येणाऱ्या मालावरून आणि तिथल्या जुन्या माणसांकडून कळत असणार. लोक विमानाने जाऊन जग बघतात, तू ओंडक्यांच्या शिक्क्यांवरून बघतेस. चित्रं चांगली आहेत. हे कौतुक नाही, नोंद आहे.

पण मला तुझी खोडी सापडली.

तिन्ही पुस्तकं मी शेजारी शेजारी मांडली. प्रत्येक पानावर, कोपऱ्यात का होईना, एक चष्मेवाली बाई आहे. उंच, हिरवं लुगडं, खांद्याला काळी पर्स. लिस्बनच्या धक्क्यावर आहे, इस्तंबूलच्या पुलावर आहे, घानाच्या जंगलात तर तिने छत्री उघडली आहे. आणि प्रत्येक ठिकाणी तिने एका छोट्या मुलीचा हात गच्च धरला आहे. इतका गच्च की बोटं लाल रंगवली आहेत.

ती मी आहे. चष्मा माझा, पर्स माझी. आणि तो हात कशासाठी, तेही मला कळतं. मला टोमणा मारतेस? मुलांच्या पुस्तकाआडून? माझ्या तोंडावर बोलायची हिंमत नाही म्हणून चित्रात घालून वर्गात तीस मुलांसमोर माझी शोभा करतेस? त्या दिवशी काय झालं ते तुला आणि मलाच ठाऊक आहे, आणि ते तसंच राहू दे.

या नाताळला फिलोमिनाकडून फराळाचं ताट आलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पूर्वीने तीनदा जिन्यात जाऊन पाहिलं. मी तिला सांगितलं, फिलोमिना आंटी बाहेरगावी गेली. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “कुठे? बोटीने?”

तिच्या डोळ्यांत मिस्कीलपणा होता की काय होतं, मला कळलं नाही. मला हल्ली कुणाच्याच डोळ्यांतलं कळत नाही. खालच्या मजल्यावरच्या कोंडीरामने ‘अनुजाताई कशा आहेत’ विचारलं तरी मी त्याला उलटे दोन प्रश्न करते. परवापासून तो मला बघितलं की वाट बदलतो.

आता माझा संशय नूपुर टीचरवर आहे. त्यांनी चिठ्ठी पाठवली आहे की एका शुक्रवारी मावशींनी येऊन वर्गात पुस्तक वाचावं. मीच का? त्यांना काय माहीत आहे? मी जाणार आहे. पुस्तक वाचायला नाही, बाईंना बघायला.

कमल


लालबाग
२४ जानेवारी २०२६

चि. अनुजा,

काल शाळेत जाऊन आले. हे पत्र मी चार वेळा फाडलं. हे पाचवं आहे, फाडलं नाही तर तुला मिळेल.

वर्गात तीस मुलं जमिनीवर बसली होती. मी घाना वाचलं. छत्री उघडलेल्या चष्मेवालीचं पान आलं तसं पुढच्या रांगेतली एक मुलगी ओरडली, “टीचर, ही तर याच आहेत!” सगळी मुलं माझ्याकडे बघून टाळ्या वाजवायला लागली. मी घामाघूम झाले. पूर्वी मात्र मागे बसून अशी हसत होती, जणू तिलाच पारितोषिक मिळालं असावं.

नंतर मी बाईंना गाठलं. सरळ विचारलं, “पूर्वीच्या आईला तुम्ही ओळखता?”

त्या म्हणाल्या, “नाही हो. मी कशी ओळखणार? फक्त पत्ता माहीत आहे, पोस्टकार्डाचा.”

“कसलं पोस्टकार्ड?”

“ऑक्टोबरमध्ये मुलांना पोस्टात नेलं होतं ना. प्रत्येकाने घरातल्या माणसाला खरंखुरं कार्ड लिहून टाकायचं. पूर्वीने रे रोडचा पत्ता पाठ करून आणला होता. पिनकोड तेवढा मी घातला. मला वाटलं, बोटीच्या कंपनीचं ऑफिस असेल तिथे.” मग माझा चेहरा बघून त्या म्हणाल्या, “तुम्हीच दिला ना पत्ता?”

मी हो म्हटलं. आणखी एक खोटं. पण ते शेवटचं समज.

घरी आल्यावर पूर्वीला समोर बसवलं. मी ओरडणार होते, त्याआधीच ती आपणहून म्हणाली, “शिवणाच्या डब्यातली पत्रं मी वाचली. मे महिन्यात. फ्रॉकचं बटण शोधत होते.”

अनुजा, तुझी पत्रं गहाळ झाली नव्हती. तिन्ही आली होती. पहिलं त्या वर्षीच्या दिवाळीतलं, मग वखारीचा पत्ता कळवलेलं, मग ‘ताई, लांबून का होईना एकदा दाखव’ म्हणून लिहिलेलं. तिन्ही मी वाचली आणि रिळांखाली ठेवून दिली. मी पत्ता बाहेरून कळला असं लिहिलं ते खोटं होतं, आणि तुला ते वाचतानाच कळलं असणार. तरी तू भांडली नाहीस, पुस्तकंच पाठवत राहिलीस.

मी पूर्वीला विचारलं, कार्डात काय लिहिलं होतंस? तिने पाठ म्हणून दाखवलं. तुझ्याकडे ते असेल, पण मला इथे लिहायचं आहे.

“आई, तू रे रोडला आहेस ते मला माहीत आहे. मावशीने सगळ्यांना सांगितलंय की तू बोटीवर आहेस. आता शाळेत प्रवासाचं पुस्तक न्यायचं आहे. मावशी खोटी पडेल. तिला खूप वाईट वाटेल. तू बोटीची चित्रं काढून पाठव. मी कुणाला सांगणार नाही. आणि मावशी कधी कुठेच गेली नाही, म्हणून तिला पण ने. सगळ्या देशांत ने. तुझी पूर्वी.”

मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी विचारलं, “मग हात का धरलाय तिने?” तेव्हाही माझा संशयच आधी बोलला.

ती म्हणाली, “कारण तू धरतेस ना. रस्ता ओलांडताना. दुखतो कधीकधी, पण चालतं.”

मी चार वर्षांच्या मुलीला वाचवण्यासाठी गोष्ट रचली असं मला वाटत होतं. तीच गेले कित्येक महिने मला सांभाळते आहे. सगळं ठाऊक असून माझ्यासमोर नकाशात लिस्बन शोधत बसायची. माझी मलाच इतकी लाज वाटली की मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

आणि आता ते. जे आपल्या दोघींनाच ठाऊक आहे म्हणून मी लिहिलं होतं, ते आता मी कागदावर उतरवते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. त्या दिवशी तू शिडीवर होतीस. तू म्हणालीस, “ताई, पाच मिनिटं पूर्वीकडे बघ, एवढा रंग संपवते.” मी मान हलवली. पूर्वीचा हात माझ्या हातात होता. तेवढ्यात कुणी बाई दर्शनाच्या रांगेत मधेच घुसली, ती घुसली की नव्हती तेही मला नीट आठवत नाही, पण मला वाटलं घुसली, आणि मी हात सोडून तिच्याशी भांडायला गेले. वळून बघते तर पोर नाही. सगळे तुझ्या अंगावर धावून आले, आईकडेच बघतात लोक. तू माझ्याकडे पाहिलंस. मी तुझ्याहून मोठ्याने ओरडायला लागले.

तू तेव्हाही कुणाला सांगितलं नाहीस. का नाही सांगितलंस? मला तुझ्या गप्प बसण्याचाच सगळ्यात जास्त संशय यायचा. वाटायचं, एक दिवस हे उगाळून तू तिला घेऊन जाशील. म्हणून तर पत्रं रिळांखाली गेली.

ताई


रे रोड, वखारीबाहेर
रविवार, १ फेब्रुवारी २०२६, दुपारचे साडेतीन

चि. अनुजा,

आठ दिवस वाट पाहिली. पाकीट आलं नाही. मागचं पत्र पोचलं नसेल, पोचून तू फाडलं असेल, कायतानने दाबून ठेवलं असेल, असे सगळे विचार करून झाले. काल फिलोमिनाकडे गेले आणि तिच्या दारात उभं राहून माफी मागितली. ती म्हणाली, “माझं राहू दे. आधी तिच्याकडे जा. मग ये, चहा टाकते.” एवढं बोलून तिने पुन्हा दार लावलं, पण कडी घातल्याचा आवाज आला नाही.

म्हणून हे पत्र पोस्टात टाकलं नाही. पूर्वी ते घेऊन आत येते आहे. मी फाटकाबाहेर एका ओंडक्यावर बसून लिहिते आहे. इथला रखवालदार माझ्याकडे संशयाने बघतो आहे. बघू दे बिचारा, त्याचं कामच आहे.

तिच्या पिशवीत कपडे आहेत. निघताना दोन दिवसांचे भरले होते. बसस्टॉपवर पोचल्यावर मी परत फिरले आणि कपाटातले राहिलेलेही घेतले. दप्तर आहे, खोकल्याचं औषध आहे. ते ती चमच्याने घेत नाही, वाटीतून दे.

ती कुठे राहणार, हे मी तिला विचारलेलं नाही. मी विचारलं तर ती मला बरं वाटेल तेच सांगेल. म्हणून तू विचार, आणि ती काय म्हणते ते मला बाहेर येऊन खरं सांग.

ताई